बोल्टाचा दर कोणी विचारत नाही

आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेवर, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीवर, दहा किलोवॅटची सौर यंत्रणा बसवली, त्याला यंदा तिसरा पावसाळा होऊन गेला. चतुर्थी आटोपल्यावर पॅनेलच्या खालच्या कडेला धरलेले शेवाळ काढायला आम्ही तिघेजण वर चढलो. पॅनेल ठीक होती. काच कुठे तडकलेली नव्हती, चौकटी सरळ होत्या. खाली वाकून स्ट्रक्चरकडे पाहिले तेव्हा मात्र पोटात गोळा आला. जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, जिथे जिथे कापून जोडला होता, तिथे प्रत्येक टोकाला तांबडा गंज. त्याचे ओघळ भिंतीच्या पांढऱ्या रंगावरून पार पागोळीपर्यंत उतरलेले. एका नटाला पाना लावला तर त्याच्या कडा गोल होऊन गेलेल्या, पाना नुसताच फिरला. केबलचे प्लास्टिकचे बंद उन्हाने तुटले होते आणि दोन पॅनेलमधले कनेक्टर छपरावर लोंबत पडले होते. एकाला काळी टेप गुंडाळलेली दिसली. ती सोडवली तर आतून चमचाभर पाणी आले.

ही यंत्रणा आम्हाला पंचवीस वर्षांची म्हणून विकली गेली होती. खरेदीच्या कागदावर समितीतल्या इतरांबरोबर माझीही सही आहे, म्हणून हे लिहायला हवे असे वाटले.

खरेदी कशी झाली ते सांगतो, कारण गोव्यातल्या बहुतेक लहान संस्थांत ती अशीच होत असणार. तीन कोटेशने मागवली. तिन्हींत एकच ओळ मोठी होती: दहा किलोवॅट, अमुक कंपनीचे पॅनेल, अमुक कंपनीचा इन्व्हर्टर, एकूण रक्कम इतकी. स्ट्रक्चर, नट-बोल्ट, केबल, अर्थिंग या सगळ्यांची मिळून खाली एक ओळ होती, ‘इतर साहित्य नियमाप्रमाणे’. कोणता नियम, हे आम्ही विचारले नाही. दर वॅटला किती रुपये पडतात ते काढले आणि सर्वांत कमी दराला काम दिले. दुसऱ्या वर्षी ऐन मार्चमध्ये इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारे यंत्र, बंद पडला. ज्याने काम केले तो सुरुवातीला ‘उद्या येतो’ म्हणाला, मग फोन उचलेनासा झाला. इन्व्हर्टर कंपनीच्या हमीत होता, पण तो काढून पाठवायचा कोणी आणि बदली आलेला बसवायचा कोणी, हे कुठे लिहिलेले नव्हते. सव्वा महिना यंत्रणा बंद राहिली. एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो हा ढोबळ हिशेब धरला तरी पंधराशे युनिट गेले, तेही वर्षातल्या सर्वांत उन्हाच्या दिवसांत.

माझे म्हणणे एवढेच आहे: नगरपालिका, पंचायत, देवस्थान, शाळा, सहकारी सोसायटी अशी गावची कोणतीही संस्था सौर यंत्रणा घेते, तेव्हा तिने पॅनेलच्या किमतीवरून निर्णय घेणे थांबवावे. गोव्यात आधी मोडतात ती स्वस्तातली माणसे आणि स्वस्तातले लोखंड. या दोन्हींचा दर निविदेत वेगळा आणि उघड मागितला पाहिजे.

पॅनेल ही आज या खरेदीतली त्यातल्या त्यात भरवशाची वस्तू आहे. केंद्र सरकारची मान्यताप्राप्त मॉडेल आणि उत्पादकांची यादी आहे, तिला सगळे एएलएमएम म्हणतात. मधे एक वर्ष ती स्थगित होती. १ एप्रिल २०२४ पासून पुन्हा लागू झाली, आणि नेट मीटर (वीज खात्याला दिलेली वीज बिलातून वळती करणारा मीटर) घ्यायचा तर पॅनेल त्या यादीतलेच हवे. कंपन्या साधारण दहा-बारा वर्षांची वस्तूची हमी देतात आणि पंचवीस वर्षांनंतरही ऐंशी टक्क्यांच्या आसपास वीज मिळेल असे लिहून देतात. इन्व्हर्टरची हमी साधारण पाच वर्षांची असते, जादा पैसे भरले तर दहा. हे सगळे छापील, शिक्का मारलेले मिळते. पण ही पॅनेल ज्या सांगाड्यावर उभी राहतात, त्याची हमी मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आणि आमची हवा त्या सांगाड्याचीच परीक्षा घेते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, चार महिने न वाळणारी ओल, पेडणे-बार्देशपासून काणकोणपर्यंत किनाऱ्यालगत खारा वारा, आणि आमच्या डिचोली-सत्तरीकडे खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ. खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली थांबल्या तेव्हा ती कमी झाली होती. वाहतूक सुरू झाली की पॅनेल आठवड्यात तांबूस होतात. शिवाय माडाची चुडते, म्हणजे झावळ्या. दक्षिणेला उभा असलेला माड बसवण्याच्या वेळी अडचण वाटत नाही. पाच वर्षांत त्याची सावली दुपारी तीनलाच पॅनेलवर येऊन बसते, आणि वाऱ्यात वाळलेले चुडत नेमके काचेवर पडते. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. त्या रात्री पत्रे उडालेली घरे ज्यांनी पाहिली, त्यांना मोठ्या पॅनेलला खालून वारा लागला तर काय होईल हे वेगळे सांगावे लागणार नाही. आजचे साडेपाचशे वॅटचे पॅनेल सव्वादोन मीटर लांब आणि जवळजवळ तीस किलो वजनाचे असते. अशी वीस पॅनेल काही डझन बोल्टांवर धरून ठेवलेली असतात.

तेव्हा बोल्टाबद्दल बोलू. बाजारात जीआय पाइप म्हणून जो मिळतो, तो पुष्कळदा जस्ताचा पातळ मुलामा दिलेला पत्रा वाकवून केलेला असतो. त्यावरचा जस्ताचा थर दहा-वीस मायक्रॉनचा. तो जागेवर कापला, वेल्ड केला, की त्या ठिकाणचे जस्त गेलेच. याउलट कापणी, भोके, वेल्डिंग सगळे उरकून मग अख्खा भाग वितळलेल्या जस्तात बुडवला, तर ऐंशी मायक्रॉनचा थर सहज मिळतो. सरकारी सौर कामांच्या तपशिलात किमान ऐंशी मायक्रॉनच मागितलेले असते. कामगार याला ‘हॉट डिप’ म्हणतात. दोन्ही पाइप नवे असताना चमकतात, आणि नवा पाहून पैसे देणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही. जाडी मोजणारे हातात मावेल एवढे मीटर असते, ते टेकवले की सेकंदात आकडा दिसतो. बोल्ट स्टेनलेसचा आहे की नुसता पांढरा मुलामा दिलेला, हे साध्या लोहचुंबकाने बहुतेक वेळा कळते. ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक जेमतेम धरतो. समुद्राजवळ तर ३१६ प्रतच मागावी. मीठ असलेल्या हवेत पॅनेल टिकते का, याची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, तिचा क्रमांक आयईसी ६१७०१. तिचे प्रमाणपत्र मागणे म्हणजे कंत्राटदाराला त्रास देणे नव्हे. चांगल्या कंपन्यांकडे ते तयारच असते.

कनेक्टरचेही तेच. एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी जोडली तर ती बसते, पण नीट धरत नाही. आत ठिणगी पडते, प्लास्टिक वितळते, आणि पावसाचे पाणी शिरले की इन्व्हर्टर वीजगळती दाखवून बंद पडतो. आमच्या टेप गुंडाळलेल्या कनेक्टरचे नेमके हेच झाले होते. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या असाव्यात आणि कनेक्टर छपराला टेकू नयेत, ही दोन वाक्ये वर्क ऑर्डरमध्ये लिहायला पैसे लागत नाहीत.

आता मोठा आक्षेप. ‘सरकारी पैसा म्हणजे सर्वांत कमी दर. त्याला डावलले तर उद्या ऑडिटवाले आमच्या गळ्याला फास लावतील.’ पंचायत सचिवांपासून नगरपालिकेच्या अभियंत्यापर्यंत सगळ्यांच्या मनात ही भीती आहे, आणि ती खोटी नाही. दर्जाला गुण देण्याची मुभा मिळाली की मर्जीतल्या माणसाला काम द्यायची वाट मोकळी होते, हेही आपण पाहिले आहे. पण कमी दराचा नियम जसा समजला जातो तसा आंधळा नाही. पात्रतेच्या अटी आणि तांत्रिक तपशील पूर्ण करणाऱ्यांपैकी सर्वांत कमी, असा त्याचा अर्थ आहे. तपशीलच तीन ओळींचा असेल तर सगळेच पात्र ठरतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जे सर्वसाधारण निर्देश दिले, त्यांत बांधकामाच्या आणि सेवांच्या कामांतही दर्जाला तीस टक्क्यांपर्यंत वजन देता येईल असे ठेवले आहे. म्हणजे वाट आहे. मला मात्र आपल्या लहान संस्थांनी गुणांच्या भानगडीत पडावे असे वाटत नाही. जे मीटरने, चुंबकाने, वजनकाट्याने मोजता येते, तेवढेच तपशिलात घालावे आणि त्यानंतर खुशाल सर्वांत कमी दर घ्यावा. मर्जीला जागा उरत नाही, आणि ऑडिटलाही दाखवायला आकडा राहतो.

दर कशाचा घ्यायचा, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. माझ्या मते दर घ्यावा तो यंत्रणा बसवणे अधिक दहा वर्षांची देखभाल, असा मिळून. वर्षाला किती वेळा धुणार, पावसाळ्याआधी बोल्ट आवळणार का, बिघाड कळवल्यापासून किती दिवसांत माणूस येणार, त्यानंतर प्रत्येक दिवसाला किती युनिटचे पैसे कापणार. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पाच वर्षांची देखभाल पुरवठादारावर घातलेली आहे, हे चांगले आहे. पण ती योजना मुख्यतः घरांसाठी. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये घराला मिळतात. गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० आहेत. देवस्थानच्या अग्रशाळेला, पंचायतीच्या इमारतीला हे अनुदान नाही, आणि म्हणून ती अटही आपोआप लागू होत नाही. तिथे ज्याने त्याने स्वतःच अट घालायची.

पैसे हातात राहिले तरच अट पाळली जाते, हे कोणालाही सांगायला नको. काम झाल्यावर पंचाण्णव टक्के देऊन मोकळे झाले की उरलेल्या पाच टक्क्यांसाठी कोणी वाळपईपर्यंत गाडी काढून येत नाही. निदान पंधरा-वीस टक्के रक्कम देखभालीच्या वर्षांवर विभागून द्यावी, आणि तीही मीटरवरचे वर्षाचे युनिट पाहून. दहा किलोवॅटने वर्षाला चौदा हजारांच्या आसपास युनिट द्यायला हवेत. कंत्राटदाराने स्वतःच आपला आकडा लिहून द्यावा आणि त्याला बांधील राहावे. हल्ली करही कमी झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर उपकरणांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. अशा कामात सत्तर टक्के माल आणि तीस टक्के सेवा धरतात, त्या हिशेबाने पाच लाखांच्या कामावर चोवीस हजारांच्या आसपास फरक पडतो. त्या पैशावर पहिला हक्क स्ट्रक्चरचा आहे. कंत्राटदाराला तो दरातली सूट म्हणून गिळू देऊ नये.

देखभालीचा पैसा मालमत्तेबरोबरच बांधून ठेवायचा, ही गोव्याला नवी शिकवण नाही. आमच्या खाजनांचे, म्हणजे खाऱ्या पाण्यालगत बांध घालून राखलेल्या शेतांचे, बांध शतकानुशतके कसे टिकले ते पाहा. बांधाला मानस असे, भरती-ओहोटीप्रमाणे पाणी घेणारे-सोडणारे दार. त्या मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची गावकरी, म्हणजे गावची जुनी ग्रामसंस्था, दरवर्षी पावणी (लिलाव) करी आणि त्या उत्पन्नाचा वाटा बांधाच्या डागडुजीला लागे. बांध बांधून झाला, आता दुरुस्तीचे पुढे पाहू, असे गावकरीला परवडणारे नव्हते. एक भगदाड पडले की खारे पाणी शिरून अख्खे शेत जाई. पुढे ती शिस्त जिथे ढिली पडली, तिथली खाजने आज झुडपांनी भरलेली दिसतात. सौर यंत्रणेतूनही वर्षाला उत्पन्न येते, वाचलेल्या वीजबिलाच्या रूपाने. त्यातला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात टाकायचा ठराव कोणत्याही देवस्थानला करता येईल. आमची समिती तीन वर्षांची, पंचायत पाच वर्षांची, आणि पॅनेल पंचवीस वर्षांचे. आज सही करणारा माणूस इन्व्हर्टर बदलायच्या वेळी पदावर नसणार, हे धरूनच कागद करायला हवा.

दुसरी अडचण आकाराची. दहा-वीस किलोवॅटच्या कामाला चांगला कंत्राटदार फिरकत नाही. आला तर दर चढा लावतो, नाहीतर आमच्यासारख्यांना मिळतो तसा फोन न उचलणारा मिळतो. गोव्यात तेरा नगरपालिका आणि एकशे एक्याण्णव पंचायती आहेत. देवस्थाने, शाळा, दूध सोसायट्या वेगळ्याच. या प्रत्येकाने आपापले तीन कोटेशन मागवायचे, म्हणजे तीच चूक शेकडो ठिकाणी पुन्हा करायची. एकत्र खरेदीने काय होते, हे एलईडी दिव्यांनी दाखवले आहे. २०१४ साली सरकारी खरेदीत एका दिव्याला तीनशे दहा रुपये पडत होते. मागणी एकत्र करून निविदा काढत गेल्यावर २०१६ मध्ये तो दर अडतीस रुपयांवर आला. पॅनेलचा दर तेवढा पडणार नाही, आणि पडावा अशी अपेक्षाही नाही. पण तालुक्यातल्या चाळीस इमारतींचे काम एकत्र केले, तर हॉट डिपचा कारखाना, जाडी मोजणारा तपासनीस आणि डिचोलीत कायम राहणारा एक तंत्रज्ञ, या तिन्हींचा खर्च निघतो. एकेकट्याला तो कधीच निघणार नाही. तपशिलाचा एकच नमुना गोवा ऊर्जा विकास संस्थेने मराठी-कोकणीत करून द्यावा. दर मागवणे तालुका पातळीवर व्हावे, आणि कंत्राटदाराने तालुक्यात दोन माणसे ठेवलीच पाहिजेत ही अट असावी. वीस कोटींची उलाढाल मागणाऱ्या अटी काढून टाकाव्यात. त्या अटींमुळे बाहेरचा मोठा कंत्राटदार काम घेतो आणि इथल्याच कोणाला तरी अर्ध्या पैशांत देऊन निघून जातो. आमच्या आयटीआयमधून दरवर्षी वायरमन आणि इलेक्ट्रिशियन बाहेर पडतात. त्यांच्या हातात हे काम यायला हवे.

यंत्रणा विकत न घेता नुसती वीज विकत घ्यायची, कंपनीने स्वतःच्या खर्चाने पॅनेल लावायची आणि आपण युनिटमागे पैसे द्यायचे, अशीही पद्धत आहे. नगरपालिकांनी तिचा जरूर विचार करावा. बंद पडले तर नुकसान कंपनीचे, त्यामुळे गंजका बोल्ट ती स्वतःच बदलेल. पण या कंपन्या लहान छपराकडे बघत नाहीत, म्हणजे पुन्हा एकत्र येण्याचाच मुद्दा. देवस्थानांनी मात्र पंचवीस वर्षांच्या अशा करारात पडू नये असे मला वाटते. अग्रशाळा उद्या वाढवायची झाली, माडी चढवायची झाली, तर छपरावर दुसऱ्याचा हक्क नको.

एक गोष्ट खरेदीआधीच सगळ्यांना स्पष्ट सांगावी, कारण तिच्यावरून गावात भांडणे झालेली मी पाहिली आहेत. नेट मीटरवरची साधी यंत्रणा वीज खात्याची वीज गेली की स्वतःही बंद होते. लाइनमन तारेवर काम करत असताना आमच्याकडून तारेत वीज जाऊ नये, म्हणून ती तशीच बनवलेली असते. तौक्तेच्या वेळी कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. तशा वेळी पंचायतीच्या पाण्याचा पंप आणि आरोग्य उपकेंद्रातला लसींचा फ्रिज चालवायचा असेल, तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि तो वेगळा खर्च आहे. गावाला कोणते दोन-तीन भार बंद पडून चालणार नाहीत, ते आधी बसून ठरवावे. सगळी इमारत बॅटरीवर चालवायचा हट्ट धरला, तर पैसे तिथेच संपतात.

मोलेच्या जंगलातून तमनार प्रकल्पाच्या वीजवाहिन्या नेण्याला गोव्यातल्या तरुणांनी कडाडून विरोध केला, तेव्हा ‘मग वीज आणणार कुठून’ असे त्यांना विचारले गेले. आपल्याकडे स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही, जवळजवळ सगळी बाहेरून येते. त्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या छपरांवर आहे असे मी मानतो. म्हणूनच तिसऱ्या पावसाळ्यात गंजलेले एकेक छप्पर मला सलते. शेजारच्या गावचे लोक ते बघतात आणि ‘सोलर काही खरे नाही’ म्हणून आपला विचार सोडून देतात.

आम्ही आता दुरुस्ती काढली आहे. कापलेली टोके घासून जस्ताचा रंग दिला, सगळे बोल्ट ३०४ चे घातले, कनेक्टर नवे लावून पाइपाला बांधले. हे काम गावातल्याच दोन वायरमन मुलांनी चार दिवसांत केले. शेजारच्या दोन देवस्थानांचे मुखत्यार आणि हायस्कूलचे मुख्याध्यापक ते बघायला वर चढून गेले, आणि त्यांनी आपापल्या खरेदी तूर्त थांबवल्या आहेत. जत्रेआधीच्या महाजनांच्या, म्हणजे देवस्थानच्या सभासदांच्या, बैठकीत आमच्यापुढे ठराव आहे: वीजबिलातल्या बचतीचा दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात जमा करणे, आणि पुढचे काम या तिन्ही संस्थांबरोबर एकाच निविदेने काढणे. निविदेच्या मसुद्यात ‘इतर साहित्य’ ही ओळ आता दीड पानाची झाली आहे.